खोडाच्या पाणवनस्पती तळात कशा रोवाव्यात आणि त्या सुटून वर का येतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. माशांच्या दोन फुटी टाकीत कबोंबा आणि हायग्रोफिला या खोडाच्या पाणवनस्पतींच्या जुड्या दुकानातून आणून रंगीत खडीत रोवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतील बऱ्याचशा काड्या पाण्यावर तरंगताना दिसल्या. मग जुड्यांच्या बुडाशी शिशाची पट्टी गुंडाळून त्या पुन्हा रोवल्या, तर पंधरवड्याच्या आत बुडखे काळे पडून कुजले आणि शेंडे सुटून पुन्हा वर आले. टाकीत दोन गोल्डफिश आहेत. आता याहून जड वजन बांधावे की दुसरा काही उपाय करावा?

वजन वाढवू नये. दुकानातून आणलेली काडी ही मुळे नसलेली छाट असते, आणि तिला तळाशी कायमचे धरून ठेवण्याचे काम शेवटी तिची स्वतःची मुळेच करतात. ती मुळे फुटून तळात पसरेपर्यंतचे दोन-तीन आठवडे काडी जागेवर स्थिर राहील आणि तिच्या बुडख्याला इजा होणार नाही, एवढेच आपले काम असते. पहिल्या वेळी काडी स्थिर राहिली नाही आणि दुसऱ्या वेळी बुडख्याला इजा झाली, म्हणून दोन्ही प्रयत्न फसले.

काडी वर का येते हे आधी पाहू. पाण्यात वाढणाऱ्या बहुतेक वनस्पतींच्या खोडात आणि पानांत हवेच्या लांबट पोकळ्या असतात. त्यांच्यामुळे वनस्पती पाण्यात उभी राहू शकते, पण त्यांच्यामुळेच तुटलेली काडी पाण्यापेक्षा हलकी ठरते आणि सुटताच पृष्ठभागावर येते. शाळेच्या प्रयोगशाळेत हायड्रिला, नरसाळे आणि परीक्षानळी घेऊन केलेला प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. त्यात कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची जी माळ निघते, तसाच वायू टाकीतील काडीच्या आतही साठत असतो. दिवा प्रखर असेल तर पानांवर बुडबुडे चिकटतात आणि वर ओढणारे बल आणखी वाढते. म्हणून काडी दिवसाच्या कोणत्या वेळी सुटते याकडे लक्ष द्यावे. दिवा लागल्यावर काही तासांनी, दुपारकडे सुटत असेल तर काडीचे तरंगणे आणि तळाची सैल पकड यांत दोष शोधावा. दिवा बंद झाल्यापासून सकाळपर्यंतच्या वेळात सुटत असेल तर आधी माशांवर संशय घ्यावा. आपल्या बाबतीत दोन्ही कारणे एकत्र आलेली दिसतात.

पहिले कारण खडीचे आहे. दुकानात मिळणारी रंगीत खडी साधारण पाच ते आठ मिलिमीटरची असते आणि रंगाच्या लेपामुळे तिचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या काडीला असे दाणे मोजक्याच जागी टेकतात, मधली जागा पाण्याने भरलेली राहते आणि काडी कितीही खोल खुपसली तरी तिला धरून ठेवणारे फारसे काही तिथे नसते. एक ते दोन मिलिमीटर दाण्याची वाळू मात्र काडीला सर्व बाजूंनी बिलगते. धुतलेली नदीची वाळू किंवा टाकीसाठी म्हणून मिळणारी काळी क्वार्ट्झ वाळू यांपैकी कोणतीही चालते. नदीची वाळू चाळून मोठे खडे आणि पिठासारखा बारीक भाग दोन्ही वेगळे करावेत, आणि पाणी नितळ निघेपर्यंत ती बादलीत धुवावी. थोड्या वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर तिच्यात शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा अंश आहे असे समजून ती वापरू नये, कारण तो अंश हळूहळू विरघळून पाणी जड करतो. समुद्रावरची वाळू याच कारणाने बाद होते. बांधकामासाठी मिळणारी दगड भरडून केलेली वाळूही (क्रश सँड) मी सुचवत नाही, कारण तिच्या दाण्यांना धार असते आणि तिची धूळ बराच काळ पाणी गढूळ ठेवते.

थराची खोली पुढच्या काचेपाशी तीन-चार सेंटिमीटर असली तरी चालते, पण मागे जिथे उंच खोडाच्या वनस्पती लावायच्या तिथे ती सहा ते आठ सेंटिमीटर असावी. साठ सेंटिमीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद टाकीत सरासरी साडेपाच सेंटिमीटरचा थर द्यायचा तर सुमारे दहा लिटर, म्हणजे पंधरा-सोळा किलो वाळू लागते. स्टँड निवडताना हे वजन धरावे. वनस्पतींसाठी खास विकली जाणारी भाजलेल्या मातीची गोळीवजा सॉइल पोषणासाठी उत्तम असते, परंतु ती वाळूपेक्षा हलकी असल्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत तिच्यातून काड्या अधिक सहज सुटतात. महाग सॉइल घेऊनही रोपे का तरंगतात असे विचारणारे अनेक जण भेटतात, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

खडी बदलायची नसेल तर लहान कुंड्यांचा मार्ग आहे, त्याकडे पुढे येतो.

आता काड्यांच्या तयारीविषयी. जुडी ही विक्रीची सोय आहे, ती तशीच रोवण्यासाठी बांधलेली नसते. घरी आणताच रबर, शिशाची पट्टी, स्पंजचा तुकडा हे सर्व काढून प्रत्येक काडी वेगळी करावी. दहा काड्या एकत्र रोवल्या तर मधल्या काड्यांच्या खालच्या भागाला उजेड मिळत नाही, पाणीही खेळत नाही, खालची पाने गळतात, ती तिथेच कुजतात आणि ती कुज शेजारच्या खोडांना लागते. प्रत्येक काडीचा दबलेला किंवा तपकिरी झालेला खालचा भाग धारदार कात्रीने एखाद्या पेराच्या लगेच खाली कापावा. नवी मुळे मुख्यतः पेरांमधूनच फुटतात, त्यामुळे वाळूखाली निदान दोन पेरे गेली पाहिजेत. दहा ते पंधरा सेंटिमीटरची काडी हाताळायला सर्वांत सोयीची असते. तिच्याहून लांब काडी पाण्याच्या ओढीने हलत राहते आणि आखूड काडीचा बराच भाग वाळूतच जातो.

गाडल्या जाणाऱ्या पेरांवरची पाने काढावीत, असे सर्वत्र सांगितले जाते. ते बरोबर आहे, मात्र पाने ओरबाडून काढू नयेत. हायग्रोफिलासारख्या रुंद पानांच्या जातीत पान कात्रीने कापून देठाचा तीन-चार मिलिमीटरचा खुंट खोडावर ठेवावा. हे खुंट वाळूत आकड्यासारखे अडकतात आणि काडी वर सरकू देत नाहीत, शिवाय खोडाची साल सोलली न गेल्याने कुज शिरायला वाट मिळत नाही. कबोंबाच्या बाबतीतही असेच करावे, फक्त तिचे खोड काचेसारखे चटकन मोडते हे लक्षात ठेवून. रोटालासारख्या बारीक पानांच्या जातींची पाने मी काढतच नाही. ती वाळूखाली गेल्यावर पकड वाढवतात, आणि त्यांच्या कुजण्याने होणारा त्रास नगण्य असतो.

विकत घेतलेली बरीच रोपे रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. त्यांचे खोड ताठ असते, त्यामुळे ती रोवायला सोपी जातात, पण पाण्याखाली गेल्यावर त्यांची जुनी पाने पारदर्शक होऊन गळू लागतात. वॉटर विस्टेरियामध्ये हा फरक ठळक दिसतो. हवेतली पाने अखंड, दातेरी काठाची असतात आणि पाण्याखालची नवी पाने खोलवर चिरलेली येतात. पाने गळताना दिसली म्हणून काडी उपटून पाहू नये. खोड घट्ट आणि शेंडा हिरवा असेल तर रोप मरत नसून पाण्याखालच्या जगण्याची तयारी करत आहे. नव्या पानांचा शेंडा आठ-दहा सेंटिमीटर वाढला की तो कापून वेगळा रोवावा. हीच छाट पुढे चांगली धरते.

प्रत्यक्ष रोवणी शक्यतो भरलेल्या टाकीत करू नये. भाताची लावणी करताना खाचरात पाणी उथळ ठेवतात, कारण खोल पाण्यात रोप उभे राहत नाही. टाकीतही तसेच करावे. पाणी वाळूच्या वर दोन-तीन सेंटिमीटरच ठेवावे, वाळू पूर्ण भिजलेली असावी आणि काम चालू असताना पानांवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारावा. मासे तेवढा वेळ जुन्याच पाण्याच्या झाकलेल्या बादलीत ठेवावेत आणि त्यात एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र खडा) सोडावा. फिल्टरमधील स्पंज त्याच पाण्यात बुडालेला असावा, म्हणजे त्यातील उपयुक्त जीवाणू टिकतात.

सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीचा सरळ, टोकाकडे बारीक होत जाणारा चिमटा या कामासाठी घ्यावा. काडी चिमट्याला काटकोनात धरण्याची सवय अनेकांना असते, त्यामुळे खड्डा मोठा पडतो. काडीचा बुडखा चिमट्याच्या टोकात आणि बाकीची काडी चिमट्याला समांतर राहील अशा प्रकारे ती हलकेच धरावी. सुमारे पंचेचाळीस अंशांच्या कोनात तीन-चार सेंटिमीटर आत घालावी. तिरपी काडी सरळ वर सरकू शकत नाही, कारण तिच्या अंगावर वाळूचे ओझे असते. आत गेल्यावर चिमट्याची टोके केवळ काडी सुटेल एवढीच उघडावीत, चिमटा किंचित हलवत ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर काढावा आणि नंतर काडी अर्धा सेंटिमीटर वर ओढून देठांचे खुंट वाळूत बसू द्यावेत. चिमटा आत असतानाच पूर्ण उघडला तर विहिरीसारखी पोकळी तयार होते आणि काडी त्याच्यासोबत बाहेर येते. नवख्यांच्या बहुतेक काड्या याच क्षणी सुटतात. चिमटा नसेल तर दोन बोटांनी खाच करून काडी ठेवावी आणि दोन्ही बाजूंनी वाळू दाबावी. जाड खोडाच्या जातींना हे पुरते, रोटालाला पुरत नाही.

दोन काड्यांमध्ये बारीक पानांच्या जातींसाठी दोन-तीन आणि रुंद पानांच्या जातींसाठी चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवावे. पहिल्या दिवशी हे विरळ दिसते. पाणी भरताना वाळूवर ताटली किंवा प्लास्टिकचा जाड कागद ठेवून त्यावर बारीक धार सोडावी, नाहीतर तासाभराचे काम मिनिटभरात वर येईल. भरायचे पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचे असावे.

शिशाविषयी माझे मत स्पष्ट आहे. पट्टी आवळली की मऊ खोड चेपते, चेपलेल्या भागातील ऊती मरतात आणि जीवाणूंना तिथून आत शिरता येते. आपले बुडखे याच ठिकाणी काळे पडले असणार. दुसरी बाब अशी की मऊ आणि आम्लधर्मी पाण्यात शिसे अधिक विरघळते. दख्खनच्या अनेक गावांतील बोअरवेलच्या जड पाण्यात त्याच्यावर लवकर थर चढतो, पण मुंबईचे तलावांतून येणारे पाणी तुलनेने मऊ असते. त्यामुळे पट्टी काढूनच टाकावी, आणि पितळ, तांबे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले नट-बोल्टही वजन म्हणून वापरू नयेत. तांबे आणि जस्त कोळंबी-गोगलगायींना मारक ठरतात.

वजन हवेच असेल तर फिल्टरमध्ये घालतात त्या सिरॅमिकच्या पोकळ रिंगा वापराव्यात. दोन-तीन काड्यांचे बुडखे एका रिंगेतून ओवून, फटीत फिल्टरच्या कापसाची लहान गुंडाळी सैलसर बसवावी आणि रिंग वाळूखाली गाडावी. मुळे रिंगेच्या बाहेर पडून पसरतात, खोड कुठेही आवळले जात नाही. काडीच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढे दोन गोटे टेकवून ठेवणे हा त्याहून सोपा उपाय आहे, आणि मुळे धरल्यावर गोटे उचलून घेता येतात.

हायग्रोफिला, बॅकोपा आणि रोटाला यांच्यासाठी आणखी एक रीत आहे, जी फारशी वापरली जात नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. लांब काडी उभी न रोवता वाळूवर आडवी ठेवावी आणि दर दोन-तीन पेरांवर एक छोटा खडा ठेवावा. प्रत्येक पेरातून खाली मुळे आणि वर नवा फुटवा येतो, आणि काही आठवड्यांत एका काडीपासून लहानसा ताटवा तयार होतो. तो तरंगण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण त्याला अनेक जागी मुळे असतात.

कुंडीचा मार्ग रंगीत खडी ठेवणाऱ्यांसाठी आणि गोल्डफिश पाळणाऱ्यांसाठी आहे. लेप किंवा रंग नसलेली, सात-आठ सेंटिमीटर उंचीची मातीची लहान कुंडी किंवा कुल्हड दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून घ्यावे. त्यात धुतलेली वाळू भरून तीन-चार काड्या रोवाव्यात आणि वर माशाच्या तोंडात मावणार नाहीत अशा गोट्यांचा थर द्यावा. कुंडी खडीत अर्धी पुरली की फारशी दिसत नाही, आणि साफसफाईच्या वेळी रोपाला धक्का न लावता ती उचलता येते.

गोल्डफिश मात्र केवळ तळ उकरून थांबत नाही, तो वनस्पती खातोही. कबोंबा, हायड्रिला यांसारखी कोवळी, बारीक पाने त्याच्या टाकीत टिकण्याची अपेक्षा ठेवू नये. हायग्रोफिलाच्या जाड पानांच्या जाती कुंडीत लावून पाहाव्यात, त्याही कुरतडल्या जातील. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न अशा सिक्लिड माशांच्या टाकीत खोडाच्या वनस्पतींचा हट्ट सोडलेलाच बरा. गप्पी, झेब्रा डॅनिओ, लहान रास्बोरा हे रोपांना त्रास देत नाहीत. शक्य असेल तर रोवणीनंतर तीन आठवडे गोल्डफिश दुसऱ्या टाकीत ठेवावेत.

या तीन आठवड्यांत दिवा रोज सहा तासांपेक्षा अधिक लावू नये. प्रखर उजेडाने शेवाळ वाढते आणि वर सांगितल्याप्रमाणे काड्या अधिक तरंगू लागतात. फिल्टरची धार काचेकडे वळवावी, आणि एअर स्टोन रोपांच्या मुळाशी नसावा. मुळे धरली का हे पाहण्यासाठी काडी ओढू नये, कारण पहिली पांढरी मुळे धाग्यासारखी नाजूक असतात आणि एका ओढीत तुटतात. शेंड्याशी नवी पाने येत असतील तर खालीही काम चालू आहे असे समजावे. हायग्रोफिला आणि विस्टेरिया यांना आठवडाभरात मुळे दिसू लागतात, रोटाला व लुडविजिया यांना थोडा अधिक वेळ लागतो, आणि कबोंबाची मुळे शेवटपर्यंत अशक्तच राहतात. एखादी काडी सुटलीच तर तिचा बुडखा पाहावा. पांढरी मुळे असतील तर ती तशीच पुन्हा रोवावी. बुडखा तपकिरी आणि बिलबिलीत असेल तर घट्ट हिरवे खोड लागेपर्यंत वर कापत जावे आणि मग रोवावी.

हवामानाचाही विचार करावा. एप्रिल-मेमध्ये विदर्भ, मराठवाडा, खानदेशात घरातल्या टाकीचे पाणी बत्तीस अंशांच्या पुढे जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, कुज वेगाने पसरते आणि मुळे फुटण्याआधीच बुडखा जाण्याची शक्यता वाढते. नवी रोवणी पावसाळा सुरू झाल्यावर किंवा थंडीत करावी. उन्हाळ्यातच करायची असेल तर झाकण काढून पाण्यावर पंख्याचा वारा सोडावा, त्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बोअरवेलचे पाणी जड असेल तर लालभडक रोटाला मॅक्रँड्राच्या मोहात न पडता हायग्रोफिला, विस्टेरिया आणि बॅकोपा यांनीच सुरुवात करावी.

दुकानात शेजारीच ठेवलेल्या काही वनस्पतींना हे नियम लागू होत नाहीत. हॉर्नवर्टला मुळे नसतातच. तिचा गाडलेला भाग कुजतो, म्हणून ती तरंगती सोडावी किंवा दगडाला सैल बांधावी. अनुबियास आणि जावा फर्न यांचे आडवे खोड वाळूखाली गेले तर रोप मरते, त्यांना लाकडावर किंवा दगडावर बांधतात.

एकदा ताटवा धरला की तो उपटू नये. शेंडे पाण्याच्या पृष्ठभागाला टेकले की काडी मधोमध कापावी. खालच्या खुंटाच्या वरच्या पेरातून बहुधा दोन फुटवे येतात आणि कापलेले शेंडे नवी छाट म्हणून वापरता येतात. अनेकदा छाटल्यावर खालचा भाग उघडा आणि काष्ठमय होतो. तेव्हा तो मुळांसकट काढण्याऐवजी वाळूच्या पातळीला कापावा आणि शेजारी ताजे शेंडे रोवावेत. जुनी मुळे वाळूतच विघटित होतात, पाणी गढूळ होत नाही. तळातली घाण ओढून काढायची सायफनची नळी रोवलेल्या भागात खुपसू नये, वरून फिरवावी.

छाटणीत निघालेला जास्तीचा पाला नाल्यात, तळ्यात किंवा विहिरीत टाकू नये. एका पेरातून मुळे धरण्याचा जो गुण आपल्याला टाकीत उपयोगी पडतो, त्याच गुणामुळे आपल्याकडची हायड्रिला आणि हायग्रोफिला पॉलिस्पर्मा अमेरिकेतील फ्लोरिडात उपद्रवी तण ठरल्या आहेत, आणि अमेरिकेतली कबोंबा केरळच्या पाणवठ्यांत पसरली आहे. पाला उन्हात पूर्ण वाळवून बाल्कनीतल्या कुंड्यांच्या मातीत मिसळावा.